लघवी पाण्यासारखी स्वच्छ, म्हणजे खडा पडला का?

वाचकाचं पत्र, थोडक्यात

जालन्याहून एका भगिनीने लिहिलं आहे. यजमान ४३ वर्षांचे, लोखंडी सळयांच्या मिलमध्ये भट्टीजवळ काम करतात. दीड महिन्यापूर्वी डाव्या कुशीतून जांघेपर्यंत जाणारी जबरदस्त कळ आली. सोनोग्राफीत डाव्या मूत्रवाहिनीत ६ मिलिमीटरचा खडा दिसला. डॉक्टरांनी भरपूर पाणी प्यायला सांगितलं, रात्री घ्यायला टॅम्सुलोसिनची गोळी दिली, दुखलंच तर डायक्लोफेनॅक, आणि पंधरा दिवसांनी परत बोलावलं. ते परत गेले नाहीत. मधल्या काळात धाकट्या दिरांनी सांगितलं की बिअरने मुतखडा धुऊन निघतो, त्यांच्या ओळखीतल्या दोघांचा निघाला. तेव्हापासून रोज कामावरून आल्यावर स्ट्राँग बिअरच्या दोन मोठ्या बाटल्या. आधी हे गृहस्थ फक्त लग्नकार्यात किंवा मित्रांच्या पार्टीत घ्यायचे. आता फ्रिजमध्ये बाटल्या असतात. सासूबाई सुरुवातीला नाराज होत्या, पण "औषधापुरतं घेतोय" म्हणून त्याही गप्प आहेत.

तीन आठवड्यांत कळ आलेली नाही. यजमान सांगतात, "बघ, लघवी कशी पाण्यासारखी स्वच्छ होते, आत सगळं धुऊन निघतंय." पण रात्री तीन-चार वेळा उठावं लागतं, एकदा बाथरूमच्या दारात तोल गेला, सकाळी तोंड कोरडं पडतं आणि डोकं जड असतं. भगिनी विचारतात, "मी अडवलं आणि पुन्हा कळ आली तर दोष माझ्यावर येईल. नाही अडवलं तर घरात रोज दारू. हे खरंच औषध आहे का, एवढं तरी सांगा."

उत्तर

ताई, तुमच्या प्रश्नाचं उत्तर आधी देते आणि कारणं नंतर सांगते. नाही, हे औषध नाही. पण त्याहून तातडीचं काम वेगळं आहे. येत्या दोन-चार दिवसांत यजमानांची पुन्हा सोनोग्राफी करून घ्या. बिअर बंद करण्यावरून घरात वाद घालायचा असेल तर तो त्यानंतर घाला. तुमच्या पत्रात मला सर्वांत जास्त काळजी वाटली ती "तीन आठवड्यांत कळ आलेली नाही" या वाक्याची, आणि घरातल्या सगळ्यांना दिलासा वाटतोय तो नेमका त्याच वाक्याचा.

कळ थांबली म्हणजे खडा पडला असं आपण सहज धरून चालतो. पडलेला असूही शकतो. पण मुतखड्याची कळ खड्याच्या टोचण्यामुळे फारशी येत नाही. खडा मूत्रवाहिनीत अडकला की वर लघवी तुंबते, किडनीत दाब वाढतो आणि मूत्रवाहिनी जोरजोरात आकुंचन पावू लागते, त्याची ती कळ असते. दाब बरेच दिवस तसाच राहिला तर शरीर त्याला सरावतं. किडनीतली लघवी तयार होण्याची क्रिया मंदावते, दाब थोडा उतरतो, दुखणं थांबतं, आणि खडा असतो तिथेच असतो. किडनी मात्र आतून फुगत जाते आणि तिचं काम हळूहळू कमी होत जातं. हे सगळं मुकाट्याने होतं. खडा तसाच अडकून चार ते सहा आठवडे उलटले की किडनीचं कायमचं नुकसान होण्याची भीती वाढते, म्हणून डॉक्टर त्या मुदतीच्या पुढे थांबायला तयार नसतात. तुमच्या पत्रातला हिशेब दीड महिन्याचा आहे. शिवाय त्या तीन आठवड्यांत रोज संध्याकाळी दारू पोटात आहे, आणि दारूने दुखणं बोथट होतं हे वेगळं सांगायला नको. म्हणून दुखत नाही हा पुरावा इथे धरता येत नाही.

आता स्वच्छ लघवीबद्दल. यजमानांचा समज यावरच उभा आहे, तेव्हा इथे जरा थांबते.

आपल्या मेंदूत, पीयूषिका ग्रंथीतून, व्हॅसोप्रेसिन नावाचं एक संप्रेरक रक्तात सोडलं जातं. अंगातलं पाणी कमी झालं की ते वाढतं आणि किडनीला सांगतं की पाणी परत ओढून घे, लघवी थोडी आणि घट्ट होऊ दे. भट्टीसमोर आठ तास घाम गाळून आलेल्या माणसाच्या रक्तात ते भरपूर असायला हवं, कारण त्या वेळी शरीराला पाण्याचा थेंब न थेंब हवा असतो. दारू हे संप्रेरक सुटू देत नाही. रक्तातलं दारूचं प्रमाण चढत असताना व्हॅसोप्रेसिन दबतं, किडनीला पाणी राखण्याचा निरोपच मिळत नाही, आणि ती पाणी सोडून देते. म्हणून बिअर घेतल्यावर अर्ध्या-पाऊण तासात लघवीची घाई सुरू होते आणि ती लघवी पाण्यासारखी दिसते. एरवी पिवळसर नसलेली लघवी ही शरीरात पुरेसं पाणी असल्याची बऱ्यापैकी खूण आहे. दारू पोटात असताना ती खूण चालत नाही. तेव्हा ती लघवी एवढंच सांगते की किडनी पाणी राखत नाहीये. आत पाणी किती उरलं आहे हे तिच्यावरून कळत नाही.

हे किती प्रमाणात होतं याचा एक जुना ठोकताळा आहे. १९४२ साली ब्रिटनमध्ये ग्रेस एगल्टन या संशोधिकेने माणसांवर प्रयोग करून मांडलं की दर एक ग्रॅम अल्कोहोलमागे साधारण १० मिलीलिटर जास्तीची लघवी होते. त्या मापाने तुमच्या घरचा हिशेब करून पाहू. मोठी बाटली ६५० मिलीची, आणि स्ट्राँग बिअरमध्ये अल्कोहोल ८ टक्क्यांपर्यंत असतं. म्हणजे एका बाटलीत जवळजवळ ४१ ग्रॅम अल्कोहोल, दोन बाटल्यांत ८२. जास्तीची लघवी झाली सुमारे ८०० मिली. यजमान प्यायले १३०० मिली, आणि त्यातलं निम्म्याहून जास्त दारूने स्वतःच बाहेर काढलं. शरीर आधीच कोरडं असेल तर हा आकडा कमी भरतो, कारण कोरडं शरीर पाणी धरून ठेवायला झगडत असतं. पण घामाची भरपाई होतेय हा समज त्याने खरा ठरत नाही. १९९७ साली सुझन शिरेफ्स आणि रोनल्ड मॉन या संशोधकांनी लोकांना व्यायाम करायला लावून घाम काढला आणि मग अल्कोहोलचं प्रमाण वेगवेगळं असलेली पेयं दिली. १-२ टक्क्यांपर्यंत फारसा फरक दिसला नाही, ४ टक्क्यांना मात्र शरीराची भरपाई मागे पडली. तुमच्या फ्रिजमधली बिअर त्याच्या दुप्पट कडक असू शकते. बाटलीवरचा आकडा एकदा वाचा.

आता हा सगळा प्रकार रात्री कसा उलटतो ते बघा, कारण खड्याच्या दृष्टीने तेच महत्त्वाचं आहे. मध्यरात्रीनंतर रक्तातली दारू उतरायला लागते. दबलेलं व्हॅसोप्रेसिन पुन्हा वर येतं, किडनी उरलंसुरलं पाणी घट्ट धरते, आणि पहाटेपर्यंत लघवी थोडी, गडद आणि क्षारांनी दाट होते. खडे बनतात ते अशा दाट लघवीत. म्हणजे संध्याकाळी दोन-तीन तास जे धुतल्यासारखं वाटतं, त्याची किंमत पहाटेच्या तासांत द्यावी लागते. यजमान तुम्हाला संध्याकाळची लघवी दाखवतात. त्यांना म्हणावं, सकाळची पहिली बघा. तोंड कोरडं आणि डोकं जड असतं तेव्हाची. (डोकं जड होण्यामागे केवळ पाण्याची कमतरता नसते. दारूने मोडलेली झोप, पोटाचा दाह, अल्कोहोलपासून शरीरात बनणारी घातक द्रव्यं, हे सगळं असतं. म्हणून झोपताना दोन ग्लास पाणी प्यायलं की हँगओव्हर येत नाही, हा समजही अर्धवटच आहे.)

पण समजा, लघवी खरोखरच खूप वाढली. तरी अडकलेला खडा तिच्या जोराने पुढे जातो का? पाटात दगड अडकला असताना वरून मोटार जास्त सोडली तर दगड वाहून जाईलच असं नाही, बहुतेकदा मागचा बांध फुटतो. मूत्रवाहिनीचं तसंच आहे. ती सरळसोट नळ नाही. ती स्नायूंची बारीक नळी आहे, आकुंचन पावत लघवी थोडी थोडी पुढे ढकलणारी. खड्यामागे अचानक जास्त लघवी साठली तर ती ताणली जाते आणि ताणलेली नळी नीट आकुंचन पावू शकत नाही. ऐन कळ आलेली असताना खूप पाणी पाजून किंवा लघवी वाढवणारी औषधं देऊन खडा लवकर पडतो याचा भरवशाचा पुरावा नाही. म्हणून जोराची कळ सुरू असताना, उलट्या होत असताना माणसाला बळजबरीने तांब्याच्या तांब्या पाणी पाजू नये, मग बिअर तर दूरच. हे मी सगळ्याच वाचकांना सांगते आहे, कारण घरोघरी कळ आली की प्रेमापोटी नेमकं हेच केलं जातं.

मग दिरांच्या ओळखीतल्या दोघांचा खडा निघाला तो कसा? ते खोटं बोलत असतील असं मला अजिबात वाटत नाही. ५ मिलिमीटर किंवा त्याहून लहान खड्यांपैकी साधारण दोनतृतीयांश आपोआप पडतात. ५ ते १० मिलिमीटरमधले जवळपास निम्मे. बिअर प्या, हुलग्याचं कढण प्या, किंवा काहीच करू नका. ज्यांचा पडला ते कौतुकाने सांगतात आणि श्रेय त्या आठवड्यात जे घेतलं असेल त्याला देतात. ज्यांचा अडकला आणि दुर्बिणीने काढावा लागला ते बिअरची गोष्ट कुणाला सांगत नाहीत. यजमानांचा खडा ६ मिलिमीटरचा आहे, म्हणजे पडण्याची आणि अडकण्याची शक्यता जवळपास सारखी. टॅम्सुलोसिनची गोळी त्यासाठीच दिली होती. मूत्रवाहिनीच्या खालच्या भागात असलेल्या ५ ते १० मिलिमीटरच्या खड्यांना ती थोडीफार मदत करते, नळीचे स्नायू सैल करून.

आणि या गोळीमुळेच तुमच्या पत्रातलं "बाथरूमच्या दारात तोल गेला" हे वाक्य मी दोनदा वाचलं. टॅम्सुलोसिनने उठून उभं राहताना रक्तदाब खाली येऊ शकतो. दारूनेही तसंच होतं. त्यात घामाने कोरडं पडलेलं अंग, आणि भरल्या मूत्राशयानिशी झोपेतून ताडकन उठून लघवीला जाणं. या सगळ्याची बेरीज म्हणजे ओल्या फरशीवर पडून डोकं फुटणं. तो प्रसंग निभावला हे नशीब समजा. डायक्लोफेनॅकचं तर आणखी बिकट आहे. ती गोळी पोटाच्या आवरणाला इजा करते आणि कोरड्या अंगात किडनीचा रक्तपुरवठा कमी करते. दारूबरोबर घेतली तर पोटात रक्तस्राव होण्याचा धोका वाढतो. ज्या किडनीसाठी हे सगळं चाललंय तिलाच दोन्हीकडून मार बसतो. कुणाला डॉक्टरांनी ट्रॅमाडॉल असलेली दुखण्याची गोळी दिली असेल, तर तिच्यासोबत दारू म्हणजे श्वास मंद होण्याचा धोका. ती अजिबात नको.

रात्री तीन-चार वेळा उठण्याचा अर्थही नीट लावायला हवा. यजमान म्हणतात औषध लागू पडतंय. काही वेळा ती दारू असते, हे खरं. पण खडा खाली सरकत मूत्राशयाच्या तोंडाशी आला की तो तिथल्या नसांना चाळवतो आणि सारखी लघवीची भावना होते, प्रत्यक्षात होते थोडीशीच. तेव्हा एक साधी गोष्ट लक्षात ठेवा आणि डॉक्टरांना सांगा, रात्रीच्या वेळी लघवी भरपूर होते की थोडी थोडी? जळजळ होते का? बिअर न घेतलेल्या दिवशीही उठावं लागतं का? चाळिशी ओलांडलेल्या माणसाची रक्तातली साखरही याच फेरीत तपासून घ्यावी. मधुमेहाची सुरुवात अनेकदा रात्रीच्या लघवीनेच कळते, आणि घरचे मात्र दारूला किंवा वयाला दोष देत बसतात.

आता तुम्हाला कुणीतरी मोबाइलवर एक बातमी दाखवेल, म्हणून तीही आधीच सांगते. अमेरिकेत आरोग्यसेवेत काम करणाऱ्या १,९०,००० हून अधिक स्त्रीपुरुषांच्या खाण्यापिण्याच्या नोंदी वर्षानुवर्षं ठेवल्या गेल्या. २०१३ साली त्यांचं विश्लेषण प्रसिद्ध झालं. रोज एखादा ग्लास बिअर घेणाऱ्यांत नवा खडा होण्याचं प्रमाण जवळपास न घेणाऱ्यांपेक्षा सुमारे ४० टक्के कमी दिसलं. हे खरं आहे आणि ते लपवून तुमची बाजू भक्कम होणार नाही. पण तो अभ्यास खडा होण्याबद्दल होता, अडकलेला खडा पडण्याबद्दल नव्हता. अशा नोंदींवरून बिअरमुळेच फरक पडला असं ठामपणे सांगताही येत नाही. त्याच अभ्यासात कॉफी पिणाऱ्यांतही खडे सुमारे एक चतुर्थांशाने कमी दिसले, चहा आणि संत्र्याच्या रसानेही थोडे कमी. कॉफीने खडा पडतो असं म्हणत कुणी रोज आठ कप रिचवत नाही. शिवाय बिअरमध्ये प्युरिन नावाची द्रव्यं असतात, त्यांनी युरिक ॲसिड वाढतं. काही खडे युरिक ॲसिडचेच असतात. यजमानांचा खडा कशाचा आहे हे अजून कुणालाच माहीत नाही.

पाण्याबद्दल मात्र पुरावा भक्कम आहे. इटलीत एकदा खडा होऊन गेलेल्या १९९ लोकांना दोन गटांत विभागलं. एका गटाला रोज दोन लिटर लघवी होईल इतकं पाणी प्यायला सांगितलं, दुसऱ्याला काहीच बदलायला सांगितलं नाही. पाच वर्षांत पहिल्या गटात १२ टक्क्यांना पुन्हा खडा झाला, दुसऱ्या गटात २७ टक्क्यांना. हा अभ्यास १९९६ साली प्रसिद्ध झाला. साधं पाणी, फुकट, आणि खडा परत होण्याची शक्यता निम्म्याहून खाली. इतका स्वस्त उपाय औषधांत क्वचित सापडतो.

आजचं मार्गदर्शन दिवसाला किमान अडीच लिटर लघवी व्हावी असं आहे. भट्टीजवळ काम करणाऱ्याला, त्यात जालन्याचा उन्हाळा, तेवढ्यासाठी साडेतीन-चार लिटर पाणी सहज लागेल, काही दिवस त्याहूनही जास्त. मोजायचं कसं? सुट्टीच्या दिवशी सकाळपासून दुसऱ्या सकाळपर्यंतची लघवी खुणा केलेल्या जुन्या बाटलीत मोजा. एकदाच मोजली तरी डोळे उघडतात. पाणी दिवसभर विभागून प्यायचं. पाळीवर जाताना दोन लिटरची बाटली सोबत हवी आणि ती मधल्या सुट्टीत पुन्हा भरायला हवी. झोपताना एक ग्लास, रात्री लघवीला उठलं की अर्धा ग्लास, म्हणजे पहाटेची लघवी दाट होणार नाही. लिंबूपाणी चांगलं, त्यातलं सायट्रेट खड्याच्या क्षारांना जुळू देत नाही. पण साखर-मिठाचा मारा नको. पातळ ताक, नारळपाणी चालेल. कोला आणि गोड सोडा टाळावा. बिअर जवापासून होते म्हणून गुणकारी, असं दिरांना वाटत असेल तर त्यांना जवाचं पाणी करून द्या. बहुतांश पाणीच असतं ते, आणि खड्याला पाणीच हवं असतं. हुलग्याचं कढण सासूबाई करत असतील तर करू द्या, आवडीने प्यावं, फक्त त्यावर विसंबून तपासणी टाळू नये.

ज्यांना किडनीचा किंवा हृदयाचा आजार आहे आणि पाणी मोजून प्यायला सांगितलेलं आहे, त्यांनी हे आकडे आपल्याला लावून घेऊ नयेत. आणि आणखी एक, स्वच्छतागृह नाही म्हणून दिवसभर पाणी न पिणाऱ्या बायका: बाजारात बसणाऱ्या, शेतात जाणाऱ्या, एसटीने लांबचा प्रवास करून शाळेत शिकवायला जाणाऱ्या. खडे त्यांनाही होतात आणि त्यांच्याकडे लक्ष उशिरा जातं. ताई, तुम्ही स्वतः किती पाणी पिता?

खाण्याचं थोडक्यात. बिअरसोबत चखणा येतोच, खारे शेंगदाणे, फरसाण, तळलेलं सुकट. खड्याला त्यातलं मीठ फार बाधतं, कारण मिठाने लघवीतलं कॅल्शियम वाढतं. शेंगदाण्यांत ऑक्सलेटही बऱ्यापैकी असतं, कॅल्शियमशी जुळून खडे बनवणारं द्रव्य. लोणचं-पापड कमी, मटण-चिकन बेताचं. दूध-दही मात्र बंद करू नका. जेवणातलं कॅल्शियम आतड्यातच ऑक्सलेटला धरून ठेवतं, ते कमी केलं तर खडे वाढतात. पालक, चुका, अळू क्वचित, आणि दह्याबरोबर. टोमॅटोच्या बियांना उगाच दोष दिला जातो.

आता घरात हे बोलायचं कसं, कारण तुमची खरी कोंडी तिथे आहे. तुम्ही असं धरून चालला आहात की अडवणं किंवा न अडवणं एवढे दोनच मार्ग आहेत आणि पुढे जे होईल त्याची जबाबदारी तुमची. पण यजमानांना खडा नको आहे, तुम्हालाही नको आहे. तुम्ही दोघं एकाच बाजूला आहात. "दारू सोडा" असं म्हणून सुरुवात केलीत तर बोलणं चारित्र्यावर जाईल आणि सासूबाई मुलाच्या बाजूने उभ्या राहतील. त्यापेक्षा म्हणा, "महिना झाला औषध घेताय, खडा पडला की नाही ते बघून येऊ." याला नाही म्हणायला कुणाकडे कारण नाही. सोनोग्राफीच्या खोलीत तुम्हीही जा. तिथे तीन गोष्टी विचारा. खडा आहे का, किती मिलिमीटरचा आणि कुठे? डाव्या किडनीला सूज आहे का? दीड महिना झालाय, आता किती थांबायचं? सोनोग्राफीत मूत्रवाहिनीच्या मधल्या भागातला खडा कधी कधी दिसत नाही, तेव्हा डॉक्टर सीटी स्कॅन सांगतील, तो खर्च टाळू नका. आणि रोज किती बिअर चालू आहे हे डॉक्टरांना खरं सांगा. यजमान कमी सांगतील, तुम्ही खरा आकडा सांगा. तो गोळ्यांसाठी आणि पुढे भूल द्यावी लागली तर त्यासाठीही लागतो.

बाटल्या मोजणाऱ्या घरांसाठी एक हिशेब आणखी. आपल्याकडे बिअरला दारू धरत नाहीत, म्हणून सासूबाईंना ती औषधापुरती वाटते. व्हिस्की किंवा रमच्या ६० मिलीच्या एका लार्ज पेगमध्ये साधारण २० ग्रॅम अल्कोहोल असतं. स्ट्राँग बिअरच्या दोन मोठ्या बाटल्यांत ८२. म्हणजे तुमचे यजमान रोज चार लार्ज पेग घेत आहेत. हे सासूबाईंना शांतपणे, एकट्या असताना सांगा. दिरांनाही सांगा, त्यांचा हेतू वाईट नव्हता.

इतक्या प्रमाणात रोज घेणाऱ्याने एकदम बंद केलं तर काहींना पहिले दोन-तीन दिवस हात थरथरणं, घाम, झोप न लागणं, अस्वस्थपणा असा त्रास होतो. क्वचित फिट येऊ शकते किंवा भास होऊ लागतात, तेव्हा ताबडतोब दवाखाना गाठायचा. म्हणून बंद करण्याआधीच डॉक्टरांशी बोलून ठेवा. बहुतेकांचं, विशेषतः एक-दीड महिनाच झाला असेल तर, निभावून जातं. खडा निघाला आणि तरीही संध्याकाळी बाटली हवीच असं दिसलं, तर तो वेगळा आजार समजून त्यासाठी वेगळी मदत घ्या. केंद्र सरकारची १४४४६ ही नशामुक्तीची मोफत हेल्पलाइन आहे, १४४१६ वर मानसिक आरोग्यासाठी बोलता येतं, आणि पुण्यातलं मुक्तांगण १९८६ पासून हेच काम करतं आहे. तिथे घरच्यांनीही फोन केला तरी चालतो, माणूस स्वतः तयार होईपर्यंत थांबायची गरज नाही.

सोनोग्राफीची वेळ मिळेपर्यंत रोज लघवी चहाच्या जुन्या गाळणीतून गाळायला सांगा. खडा सापडला तर कोरड्या डबीत ठेवून तपासायला द्या. तो कशाचा आहे हे कळलं की पुढची औषधं आणि पथ्यं नेमकी ठरतात. दुर्बिणीने काढावा लागलाच आणि मूत्रवाहिनी उघडी राहावी म्हणून आत स्टेंट, म्हणजे बारीक नळी, ठेवला, तर तो काढण्याची तारीख कॅलेंडरवर लिहून ठेवा. लोक तो विसरतात आणि मग स्टेंटवरच खडे जमतात.

आणि या दिवसांत थंडी वाजून ताप आला, लघवी होईनाशी झाली, उलट्या थांबेनात किंवा कळ गोळीनेही थांबेना, तर वेळेची वाट बघू नका. अडकलेला खडा आणि वर ताप, ही रात्रीतून जीवावर बेतणारी गोष्ट आहे, त्याच रात्री मोठ्या रुग्णालयात जा. तसं काही नसेल तर तपासणीनंतर मला पुन्हा लिहा. खडा किती, कुठे, आणि किडनीला सूज आहे की नाही, एवढं कळवलंत की पुढचं बोलू.